प्रेमातील संशय आणि लेखनसोबती

प्रेमकथा आणि रहस्यकथा यांच्या संयोगातून घडणाऱ्या ‘रोमँटिक सस्पेन्स’ या कथाप्रकारात परस्परांविषयीचे आकर्षण आणि जिवावरचे संकट हे दोन धागे असे गुंतलेले असतात की एक काढला तर दुसरा टिकत नाही. शार्लट ब्राँटी यांच्या १८४७ मधील ‘जेन एअर’ या कादंबरीत त्याची पाळेमुळे सापडतात. नायिका ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याच घरात पहिल्या पत्नीचे गुपित दडलेले असल्यामुळे, विश्वास चुकीच्या माणसावर बसला असावा ही भीती तेथे संकटाहून मोठी ठरते. डाफ्ने द्यू मॉरिए यांनी १९३८ च्या ‘रेबेका’त हाच संशय निनावी निवेदिकेच्या तोंडून मांडला, आणि तिला कळते तेवढेच वाचकाला कळू देण्याची ही युक्ती आजही या लेखनाचे सर्वांत प्रभावी साधन आहे.

मात्र रहस्य कोठे अकाली फुटते हे ते रचणाऱ्याला सहसा दिसत नाही, म्हणून लिखाण वाचून मत देणारे लेखनसोबती लागतात. हॉवर्थ या गावातील घरी शार्लट, एमिली आणि ॲन या ब्राँटी बहिणी रात्री खोलीत येरझारा घालत एकमेकींच्या कथानकांची चर्चा करीत, अर्थात शार्लट बहिणींच्या सूचना क्वचितच स्वीकारीत. पुढे लेखकांची ही सोबत संघटनांपर्यंत पोहोचली: अमेरिकेत रहस्यकथाकारांची ‘मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९४५ मध्ये, तर प्रेमकथाकारांची ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ १९८० मध्ये स्थापन झाली, आणि या दुसऱ्या संघटनेतील रोमँटिक सस्पेन्स लेखकांच्या शाखेने आपल्या पुरस्काराला द्यू मॉरिए यांचेच नाव दिले.