पायमोजेवाल्या कोंबड्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘सभासदांचे छंद’ या सत्रात केलेले भाषण)



पाण्याच्या टाकीमागच्या जाळीत मी सहा कोंबड्या पाळल्या आहेत, हे आपणा सर्वांना माहीत आहे. काहींना जरा जास्तच माहीत आहे! पुढच्या वार्षिक सभेत त्यांना ठेवायचं की नाही, हा विषय येणार आहे. म्हणून आधी त्यांची ओळख करून देतो.

या बुटक्या जातीच्या, म्हणजे बँटम. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो, आणि पायांवर बोटांपर्यंत पिसं. आमची नात म्हणते, ‘आजोबा, हिने मोजे घातलेत.’ इंग्लंडात यांना पेकिन म्हणतात. 1860 साली इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगचा राजवाडा लुटला, तेव्हा तिथून पहिल्या कोंबड्या नेल्या, असं सांगतात. अमेरिकेत यांनाच कोचीन बँटम म्हणतात. पण हे कोचीन आपलं केरळातलं नव्हे बरं का, व्हिएतनामकडचं कोचीन-चायना.

आता मुद्द्याचं. यांना मोकाट का सोडत नाही, असं जोशीकाकू विचारतात. कारण हे मोजेच. पावसाळ्यात चिखल पिसांना लागतो, वाळतो, बोटाभोवती त्याचा दगडासारखा गोळा होतो. रक्त अडून बोट कुजू शकतं. म्हणून वर पत्रा, खाली सहा इंच कोरडी वाळू. गोळा झालाच तर कोमट पाण्यात पाय भिजवायचा, ओढायचं नाही. नवीन येणाऱ्या पिसात रक्त असतं. ते तुटलं की भळाभळा वाहतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. या बाबतीत कोंबडीची जात फार निर्दयी.

दुसरा त्रास खवल्यांखाली शिरणाऱ्या बारीक किड्यांचा. साध्या कोंबडीचे खवले उचललेले लगेच दिसतात, इथे पिसांआड लपतात. त्यामुळे दर रविवारी एकेकीला मांडीवर घेऊन पिसं बाजूला सारून बघावं लागतं. खवले खडबडीत दिसले की व्हॅसलिन चोपडायचं, किडे गुदमरतात; वाढलं तर डॉक्टर. दांडी जमिनीपासून फूटभरच उंच ठेवली आहे, कारण उंचावरून उडी मारली की हे जड पाय दुखावतात.

जाळीबद्दल. बाजारातली षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेशच हवी, आणि ती फूटभर जमिनीत पुरलेली, नाहीतर घूस खालून येते. खर्च दुप्पट होतो. करा.

बर्ड फ्लूची भीती काहीजणांनी लेखी कळवली आहे. ती खोटी नाही. 2006 साली आपल्याच नवापुरात भारतातला पहिला प्रादुर्भाव झाला. हा रोग रानपाखरांच्या विष्ठेतून येऊ शकतो, म्हणून पत्रा आणि बंद जाळी महत्त्वाची. दाणे सांडलेले ठेवत नाही, कबुतरं-कावळे फिरकत नाहीत. राणीखेतची लस वेळेवर टोचून घेतो. उद्या सरकारी सूचना आल्या तर त्या पाळीनच, आणि त्यात कोंबड्या गेल्या तरी तक्रार करणार नाही.

आवाजाचं म्हणाल, तर आरवतो कोंबडा, आणि जाळीत कोंबडा नाही. ‘कोंबड्याशिवाय अंडी कशी?’ असं तिघांनी विचारलं. अंडी मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. या जातीला मात्र खुडूक बसण्याची फार हौस. रिकाम्या खोक्यावर, गोट्यावरसुद्धा आठवडे बसून राहते. मग तिला उचलून दाणापाण्याकडे न्यावं लागतं, आणि ती आपल्याकडे असं बघते की जणू आपण तिचा संसार मोडला!

वासाबद्दल ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी: वाळू रोज चाळतो, विष्ठा पलीकडच्या खताच्या खड्ड्यात जाते. येत्या रविवारी सकाळी साडेसातला पाय तपासायचे आहेत. सभेत हात वर करण्यापूर्वी एकदा येऊन बघा. चपला बाहेर काढाव्या लागतील, बाहेरची घाण आत नको.