अंगठ्याची किंमत आणि अरण्याची किंमत



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारावरच्या सभांत, लवादापुढच्या तारखांत आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या वाचनालयात. तेव्हा आज मी अर्थशास्त्राच्या अधिकाराने बोलणार नाही. उभा जन्म वाटाघाटीत गेला, तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहे.

‘नैसर्गिक भांडवल’ आणि ‘परिसंस्थांच्या सेवा’ हे शब्द हल्ली विद्वानांच्या लिखाणात वारंवार येतात. अर्थ अवघड नाही. जंगल, नदी, माती, पाणथळ ही ठेव. आणि पाणी मुरणे, पूर अडणे, मधमाशीने फुले फळवणे हे त्या ठेवीचे व्याज. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात साऱ्या पृथ्वीचा असा हिशेब मांडला. सतरा प्रकारच्या सेवा धरून वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर! त्या वेळचे साऱ्या जगाचे वार्षिक उत्पन्न होते सुमारे १८ लाख कोटी.

यावर वाद झाला. मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने टोला हाणला, की हा तर अनंताचा फारच कमी अंदाज झाला! जगणेच ज्यावर अवलंबून, त्याची बेरीज कशी करायची? पुढे २०१८ साली सांद्रा दियाझ आणि इतर अभ्यासकांनी ‘सेवा’ हा शब्द तोकडा ठरवून ‘निसर्गाचे माणसांना योगदान’ असा शब्द सुचवला. इकडे सामान्य माणूस म्हणतो, आईच्या दुधाचा भाव कोणी काढतो का?

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. कसे, ते आमच्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, असे धरले होते. वाचताना अंगावर काटा येतो. माणसाच्या अवयवांचे दरपत्रकच ते! पण ते आम्हाला हवे होते. कारण आकडा नसला की मालकाच्या वहीत अंगठ्यापुढे शून्य पडते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. आकडा लागला म्हणून अंगठा विक्रीला निघाला नाही. ‘पैसे आगाऊ भरतो, अंगठा काढून द्या’ असे म्हणण्याची मुभा कोणत्याही कायद्याने मालकाला दिली नाही. भरपाईची किंमत वेगळी आणि विक्रीची किंमत वेगळी.

आता जंगलाकडे या. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. २००८ साली दर ठरले ते हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत. हेतू चांगला होता. पूर्वी जंगल फुकटात जात असे. पण येथे पैसे आधी भरायचे आणि झाडे मग तोडायची. म्हणजे अंगठ्याची आगाऊ किंमतच झाली! २०१६ च्या कायद्याने या निधीची वाटणी ठरवली: ९० टक्के राज्यांना, १० टक्के केंद्राला. तेंदूची पाने तोडणाऱ्या बाईचा हिस्सा त्या वाटणीत नाही.

ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइट आहे. तेथे खाण व्हावी की नाही, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना ठरवू दिले. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंधांनी किमतीची घासाघीस केली नाही. विकायचे की नाही, हा आधीचा प्रश्न त्यांनी सोडवला. आमच्या भाषेत बोलायचे तर दराच्या वाटाघाटीला बसण्यापूर्वी संमती लागते.

दुसरी गोष्ट श्रमाची. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत जाते. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्म जंतू ते शुद्ध करतात, त्यावर मासे पोसले जातात. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने ही व्यवस्था जगापुढे आणली. २००२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. ही ‘निसर्गाची सेवा’ म्हणून मोजली जाते. पण सांडपाणी केव्हा आणि किती सोडायचे, लाटांनी बांध खचू नये म्हणून कडेला जलपर्णी कशी राखायची, गाळ केव्हा काढायचा, हे सारे कोण करते? चिखलात उभे राहणारे मच्छीमार आणि मजूर. ते उठून गेले तर ती सेवा किती दिवस चालेल?

म्हणून ‘भांडवल’ हा शब्द कानी पडला की आमच्या जुन्या सवयीने दोन प्रश्न विचारा: मालक कोण, आणि राबतो कोण? संशोधकांनी आकडे जरूर काढावेत. शून्यापेक्षा आकडा बरा. पण प्रत्येक आकड्याशेजारी तो कशासाठी काढला, भरपाईसाठी की विक्रीसाठी, हे लिहावे; त्या जागी राबणाऱ्यांचे श्रम हिशेबात धरावेत; आणि त्यांच्या होकारावाचून सौदा करू नये.

आपणही उद्या वर्तमानपत्रात एखाद्या टेकडीची किंमत कोटींत वाचाल, तेव्हा हरखून जाऊ नका आणि संतापूही नका. ती टेकडी विकायला कोणी काढली, एवढे अगोदर विचारा.