मधुमेह, अपस्मार आणि आपले उपवास
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी आजारांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या समाजात तपाला एवढे मानाचे स्थान आहे, त्या समाजाला तप करणाऱ्या देहाची ओळख असणेही तितकेच आवश्यक आहे. या भावनेने मी आज मधुमेह आणि अपस्मार या दोन व्याधींच्या नात्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

मधुमेह आता घरोघरी पोहोचला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा फिट येण्याचा आजार, हाही दुर्मीळ नाही. मात्र तो लपविला जातो. या दोन व्याधी एकमेकींपासून दूर आहेत असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही.

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. ही ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातील साखरेतून मिळते आणि तिचा पुरेसा साठा त्याच्यापाशी नसतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक ही लक्षणे दिसू लागतात. ५४ च्या खाली गेल्यास ती अवस्था गंभीर समजावी. तेथून पुढे बोलण्यात असंबद्धता येते, शुद्ध हरपते आणि आकडीही येऊ शकते.

याची दुसरी बाजूही आहे. साखर अतिशय वाढली, शरीर कोरडे पडले, तरीही मेंदू क्षुब्ध होतो. काही वृद्ध रुग्णांत शुद्ध कायम असताना एकच हात किंवा चेहऱ्याची एक बाजू सतत झटके देत राहते. येथे खरा उपचार म्हणजे सलाइन आणि इन्सुलिन. फिटवर दिले जाणारे फेनिटॉइन हे औषध तर साखर आणखी वाढवू शकते.

म्हणून माझे पहिले निवेदन असे की, प्रत्येक आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. साखरेच्या चढउताराने आलेली आकडी साखर सावरली की सहसा थांबते. तात्कालिक कारण नसताना पुन्हा पुन्हा आकडी येण्याची मेंदूची प्रवृत्ती, तिला अपस्मार म्हणतात. हा भेद न करता शिक्का मारला गेला, तर वर्षानुवर्षे अनावश्यक गोळ्या, नोकरीतील अडचणी आणि विवाहाच्या बोलण्यांत कुजबुज एवढेच पदरी पडते. जैन समाजालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ साली संसदेने काढून टाकली. कायद्याने जे पुसले, ते आपण मनातूनही पुसले पाहिजे.

काही वेळा मात्र दोन्ही व्याधी एकाच व्यक्तीत खरोखरच एकत्र येतात. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले आहे. टाइप २ मधुमेहात पक्षाघाताचा धोका वाढतो आणि उतारवयात प्रथमच सुरू होणाऱ्या अपस्मारामागे पक्षाघात हे एक प्रमुख कारण असते. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने काहींचे वजन वाढते. मग साखरेवरही लक्ष ठेवावे लागते.

आता उपवासाविषयी. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, मधुमेहाचे अभ्यासक असलेल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी विशिष्ट स्निग्ध आहार सुचविला. निराहार राहिल्यावर काही रुग्णांच्या आकड्या कमी होतात, हे त्यापूर्वी दिसून आले होते. त्या आहाराचा उपयोग औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, विशेषतः बालकांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आजही होतो. परंतु यावरून उपवास हा अपस्मारावरील घरगुती उपाय आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. गोळी चुकणे आणि झोप कमी होणे ही आकडी येण्याची नेहमीची कारणे आहेत.

निरोगी माणूस उपवास करतो तेव्हा शरीर स्वतःहून इन्सुलिन कमी करते. बाहेरून घेतलेले इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र पच्चक्खाण ओळखत नाही; पोट रिकामे असले तरी ती साखर उतरवीतच राहते. उलट, टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे प्राणांवर बेतू शकते. म्हणून पर्युषण वा दशलक्षण पर्वापूर्वी काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. चौविहार पाळायचा असल्यास तसे स्पष्ट सांगावे. अनेक औषधांच्या वेळा सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. ज्यांना अठाई झेपणार नाही, त्यांच्यासाठी एकासन-बियासनाचा किंवा स्वाध्यायाचा मार्ग खुला आहेच. त्याचाही निर्णय डॉक्टरांशी आणि गुरुजनांशी बोलून घ्यावा. तप शक्तीनुसार करावे, ही आपल्याच परंपरेची शिकवण आहे. उपवासात साखर तपासण्यास संकोच करू नये आणि ती ७० च्या खाली दिसताच उपवास सोडावा.

कोणास आकडी आली तर त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे आणि घड्याळ पाहावे. कांदा, चप्पल, लोखंड यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. दातांत चमचा घालू नये, बेशुद्धावस्थेत तोंडात पाणी किंवा साखर घालू नये. ग्लुकोमीटर असल्यास साखर पाहावी. व्यक्ती मधुमेही असेल, साखर कमी असेल किंवा आकडी ५ मिनिटांत थांबली नाही, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. पूर्ण शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या व्यक्तीला, साखर कमी असल्यास, पाण्यातून तीन लहान चमचे साखर द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी.

जीवदया हा आपल्या धर्माचा प्राण आहे. त्या दयेत आपल्या घरातील तपस्वी आजी, मधुमेही काका आणि फिट येते म्हणून कोपऱ्यात बसविलेली मुलगी यांचाही समावेश असो. प्रत्येक उपाश्रयात आणि धर्मशाळेत एक ग्लुकोमीटर व तो वापरणारी दोन प्रशिक्षित माणसे असावीत, असा संकल्प संस्थेने या सुवर्णमहोत्सवी वर्षात करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!