दाखल्यावाचूनचा बोल्ट



सांबऱ्याच्या विमानतळाच्या धावपट्टीची हकीकत बेळगावकरांना नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. आणि हुक्केरी तालुक्यात हत्तरगीजवळ एअरबस व बोइंगच्या विमानांचे भाग घडतात, हेही निपाणीकडून महामार्गाने आलेले श्रोते जाणतातच. म्हणून तो पूर्वरंग सोडून, ज्यासाठी आलो ते सांगतो : विमानाच्या सुट्या भागाचा दाखला हा त्या भागाइतकाच विमानाचा अवयव आहे.

सीमाभागातील शेतकऱ्याला हे पटवावे लागत नाही. तीन पिढ्यांनी कसलेली जमीन असली, तरी वारसाचा फेरफार मंजूर होऊन नोंद दप्तरी चढेपर्यंत उताऱ्यावर नाव आजोबांचेच राहते. धातूचेही तसेच. तो कोणत्या हीटचा, म्हणजे एका वेळच्या कोणत्या ओतीचा, कोणत्या भट्टीत किती तापवलेला, कोणी तपासलेला, ही परंपरा कागदावर कोठे तुटली, की उत्तमातले उत्तम पोलादही विमानाच्या लेखी बेवारस ठरते.

(पुढच्या रांगेतून ‘चालतंय की!’ — हशा)

याच शब्दाविषयी मला बोलावयाचे आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकापुढील डावी काच, उड्डाणानंतर तेरा मिनिटांनी, सतरा हजार फुटांवर निखळली, आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला; सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, आणि ईश्वरकृपेने कप्तान वाचला. ती काच सत्तावीस तासांपूर्वीच नवी बसवली होती. नव्वद बोल्टांपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडे कमी, बारीक होते. बसवणाऱ्याने जुना बोल्ट हाती घेऊन, अपुऱ्या उजेडात, खणातल्या बोल्टांशी नजरेने जुळवला. सुट्या भागांची सूची उघडली नाही. भांडारातील माणसाने योग्य क्रमांक सांगितला होता, तरी ‘पूर्वी होते तेच घालू’ हा निश्चय कायम राहिला. आणि पूर्वीचे तरी कोठे मंजूर होते? तेही लांबीने कमी होते. केवळ काच निखळली नाही, म्हणून त्यांना मान्यता मिळाल्यासारखे झाले! चार वर्षे चालले, ते ‘चालतंय’ याच न्यायाने.

उद्यमबागेतील कारखानदार येथे बसले आहेत, त्यांच्या चेहऱ्यांवरची नाराजी मला दिसते. त्यांच्या कसबावर मी संशय घेत नाही. उलट, ज्याचा हात बसलेला असतो, त्यालाच नजरेवर विसंबण्याचा मोह अधिक; नवशिक्या भीतीने पुस्तक उघडतो. ती काच बसवणारा माणूसही अनुभवी होता. मीही एकदा, एका कारखान्यात, रंगावरून धातू ओळखून नोंद मागाहून केली होती. ती नोंद चुकीची निघाली, आणि भाग वेळीच परत मागवला म्हणून निभावले.

वेळ संपल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. बनावट दाखल्यांचा विषय तर राहिलाच. २०२३ साली लंडनच्या एका दलालाने खोट्या दाखल्यांसह विकलेले इंजिनाचे भाग जगभरातल्या कंपन्यांना शोधत फिरावे लागले. ज्यांनी कोणता भाग कोणत्या इंजिनात बसवला, हे अनुक्रमांकासह लिहून ठेवले होते, त्यांना निदान कोणते इंजिन उघडावे हे तरी कळले.

एवढी विनंती करून थांबतो. दाराजवळच्या मेजावर मी दोन बोल्ट ठेवले आहेत. एकाचा व्यास ४.८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४.२. जाताना प्रत्येकाने दिव्यापासून दोन पावले दूर उभे राहून, कोणता जाड ते सांगावे. क्रमांक मी बोल्टांखालच्या कागदावर लिहून ठेवले आहेत.