टाकीतला पंप

पंप म्हटलं की आपल्याला विहिरीवरचा पंप आठवतो. नाहीतर हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप. आज आम्ही तिसऱ्याच पंपाविषयी बोलणार आहोत. तो मोटारसायकलच्या टाकीत असतो. मेकॅनिक लोक त्याला फ्युएल पंप म्हणतात.

जुन्या गाड्यांना हा पंप नव्हता. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपोआप उतरायचं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यांना भारत स्टेज ६ म्हणतात. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर गेला आणि इंजेक्टर आला. इंजेक्टर म्हणजे अगदी बारीक भोकांची तोटी. तिच्यातून पेट्रोलचा फवारा उडतो. पिकावर औषध मारताना पाठीवरच्या पंपात हवा कमी पडली, तर काय होतं? फवारा उडत नाही, नुसते थेंब गळतात. इथंही तसंच आहे. पेट्रोलला दाब लागतो. पुष्कळ गाड्यांत तो ४० ते ४५ पौंडांच्या आसपास असतो. आपण मागच्या चाकात साधारण ३० पौंड हवा भरतो. त्याहून हा जास्त. तो देण्याचं काम टाकीतल्या पंपाचं.

गेल्या पावसाळ्यात एक दूधवाले दादा गाडी ढकलत आमच्याकडे आले. दोन्ही बाजूंना किटल्या. दुधाला वास सुटलेला.

“दोन महिन्यांत दुसऱ्यांदा बंद पडली बघा,” ते म्हणाले. “आजचं दूध गेलं. उद्याचं कसं पोचवू?”

पहिल्या वेळी गाडी बंद पडली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, पंप गेला. नवा पंप महाग. म्हणून दादा जुन्या सामानाच्या दुकानात गेले. आपला पंप दिला, वर १२०० रुपये दिले आणि दुसऱ्या गाडीतून निघालेला पंप घेतला. दुकानदारानं त्याला बॅटरीच्या दोन तारा लावून दाखवल्या. पंप घुर्र वाजला. “ऐकलंत ना? झालं तर मग!” दादांनी पैसे मोजले. गाडी सुरू झाली. पण किटल्या भरून चढ चढताना ती आचके द्यायची. आता पुरतीच बसली.

आम्हीही चावी फिरवली. दोन-तीन सेकंद घुंऽऽ असा आवाज आला. चावी लावल्यावर तेवढाच वेळ तो यायचा असतो. आम्ही म्हटलं, पंप ठीक आहे. मग प्लग काढला, हवेची जाळी काढली. अर्धा दिवस त्यात गेला. ही आमची चूक झाली. संध्याकाळी पेट्रोलच्या नळीत दाबाचं घड्याळ जोडलं, तेव्हा उमगलं. काटा १५ वर गेला आणि खाली आला. पंप फिरत होता, पण पेट्रोल ढकलत नव्हता. विहिरीवरची मोटर फिरते, पण पाणी वर चढत नाही, तसा प्रकार.

मग आम्ही दादांना विचारलं, “पहिल्या वेळी आवाज येत होता का?”

“छे! अजिबात नाही.”

आम्ही पंपाचं सॉकेट उघडलं. एक पिन हिरवी पडली होती. पावसाचं पाणी आत गेलं होतं. पंपाला वीजच नीट पोचत नव्हती. दुसरा पंप बसवताना सॉकेट काढून घातलं, तेवढ्यानं गंज खरवडला गेला आणि गाडी चालू झाली. दादांचा मूळचा पंप बहुधा चांगलाच होता.

म्हणून आवाज आला नाही, तर लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी हँडलवरचं लाल बटण चालूवर आहे का, ते बघा. हसू नका, त्यापायीसुद्धा लोक गाड्या ढकलत आणतात! मग बॅटरी आणि फ्यूज तपासा. मग सॉकेट. त्यात कधी चार तारा असतात. दोन पंपाच्या. उरलेल्या दोन टाकीत पेट्रोल किती आहे, ते सांगणाऱ्या तरंगाच्या. पंपाच्या दोन तारांना इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि चावी फिरवा. बल्ब दोन-तीन सेकंद पेटला, म्हणजे वीज येते. तरी पंप गप्प असेल तर पंप गेला. बल्ब पेटलाच नाही, तर खोट तारेत, रिलेत किंवा सॉकेटात आहे. आणि आवाज येतो पण गाडीत जोर नाही, तर घड्याळ लावूनच दाब बघायचा.

जुना पंप घेताना दुकानात कोरडा फिरवू देऊ नका. पेट्रोल त्याला थंडही ठेवतं आणि वंगणही देतं. कोरडा फिरला तर तो झिजतो. शिवाय आत पेट्रोलची वाफ असते आणि तारेची ठिणगी उडते. गाडीचा नमुना आणि पंपावरचा नंबर जुळवा. जाळीवर तपकिरी चिकटा असेल, तर तो पंप फार दिवस पडून राहिलेला आहे. “गाडीत बसवून दाब आला तरच पंप ठेवीन,” असं आधी ठरवा आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. आता आपल्याला लिहिता येतं ना!

परवडत असेल तर नवाच घ्या. दादांना परवडत नव्हता. अपघातात मोडलेल्या त्याच नमुन्याच्या गाडीतला पंप मिळाला. तो बसवायला आम्ही गाडी उघड्यावर घेतली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूर जाते. अंगणात काम आणि पडवीत चूल पेटलेली, असं करू नका. विडी नको. जवळ मातीची पाटी भरून ठेवा.

आधी पंपाचं सॉकेट काढून इंजिन चालवलं. ते जरा चालून आपणच बंद पडलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. दादांची गाडी चालतच नव्हती, तरी किक मारून पाहिली. मग बॅटरीची उणे बाजूची तार काढली. नळीभोवती फडकं धरून ती सोडवली. टाकी रिकामी केली. तळाशी पाणी निघालं. तेही पुसून काढलं. पंप तिरका करून बाहेर घेतला, नाहीतर तरंगाची दांडी वाकते. रबरी कडं नवं घातलं. इथं दहा-वीस रुपये वाचवू नयेत. जुनं कडं गळलं तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. सॉकेटच्या पिना घासून साफ केल्या. थोडं पेट्रोल घालून, बॅटरी जोडून, चावी तीनदा चालू-बंद केली आणि कडेकडेनं हात फिरवला. ओल नव्हती. घड्याळाचा काटा ४३ वर गेला. चावी बंद केल्यावरही तो तिथंच राहिला. मग गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर डेअरीत पोचलं. परत येताना दादा जुन्या सामानाच्या दुकानात डोकावले, मूळचा पंप परत मागायला. तो केव्हाच विकला गेला होता.