शिरस्त्राणाची परीक्षा
(कुडवा येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गोंदियाला खेटून वसलेल्या या कुडव्यात मोटारसायकल ज्याच्या दारी नाही असे घर आता विरळाच. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हेल्मेटाचा हुकूम करीत असल्यामुळे व 2019 च्या दुरुस्तीने कसूर करणाऱ्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याचे निलंबन फर्माविल्यामुळे, खुंटीला एखादे हेल्मेटही बहुधा टांगलेले असते. परंतु चलान चुकविणे हे एक प्रयोजन व मस्तक वाचविणे हे दुसरे, आणि पहिले जितक्या स्वस्तात साधते तितक्या स्वस्तात दुसरे साधत नाही, हेच आज मला सांगावयाचे आहे.

1935 साली अरबस्तानातील पराक्रमाने विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या उपचारांत सहभागी असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून 1941 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि शिरस्त्राणाचा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत आला.

हेल्मेटाचे सामर्थ्य त्याच्या कठीण कवचात आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः मुख्य कार्य आतील दाट थर्मोकोलाच्या थराचे. युरोपीय परीक्षेत कृत्रिम मस्तकावर चढविलेले हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी 27 किलोमीटर, वेगाने ऐरणीवर आदळवितात. हिशेब करून पाहा: या वेगातील मस्तक थर्मोकोल चेपत अडीच सेंटिमीटरांत थांबले, तर त्यावर गुरुत्वाच्या सुमारे 115 पट मंदन येते, तेच दोन मिलिमीटरांत थांबले, तर 1400 पटींहून अधिक. परीक्षेची मर्यादा आहे 275 पट. रस्त्याकडेला मिळणाऱ्या हलक्या टोपीचे अस्तर अंगठ्याने दाबून पाहावे: स्पंज तत्काळ तळाला जातो आणि बोटाला कवचाचे प्लॅस्टिक लागते. अपघातात मस्तकाला तेच लागते.

प्रकारांतील तारतम्यही याच दृष्टीने पाहावे. अर्धे हेल्मेट कपाळाच्या वरचा भाग झाकते, उघड्या तोंडाचे कान व कानशिले सांभाळते, आणि पूर्ण हेल्मेट हनुवटीपर्यंत पोहोचते. जर्मनीतील डीटमार ओटे यांच्या पाहणीत तृतीयांशाहून किंचित अधिक आघात हनुवटीच्या पट्टीवर आढळले. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीनुसार हेल्मेटाने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के व डोक्याच्या इजेचा 69 टक्के घटतो. मात्र हा लाभ पट्टा बांधणाऱ्याचा, कारण सैल हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निघून जाते.

2019 च्या आरंभी पुण्यात सक्तीची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा विरोधकांनी तीव्र हरकती घेतल्या. हेल्मेटाने ऐकू येत नाही, आजूबाजूचे दिसत नाही, ही तक्रार आपल्याकडेही नित्य ऐकू येते; परंतु अमेरिकेतील हॅरी हर्ट यांनी 900 अपघातांची प्रत्यक्ष तपासणी करून 1981 मध्ये दिलेल्या अहवालात तिला आधार सापडला नाही. उन्हाची तक्रार मात्र वैदर्भीयांस परकी नाही. वैशाखात आपण डोक्याला जाड दुपट्टा गुंडाळतो, मागे गाठ मारतो आणि वर हेल्मेट ठेवतो. ते गाठीवर तरंगते, पट्टा पुरत नाही, म्हणून तो मोकळाच लोंबतो. दुपट्टा हवाच असेल, तर पातळ, एकपदरी आणि विनागाठीचा असावा.

1 जून 2021 पासून भारतीय मानक 4151 चे आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटाची विक्री बेकायदेशीर आहे. चिन्ह पाहावे, पण चिन्हाचीही नक्कल होते, म्हणून पावती मागावी, पट्टा आवळून हेल्मेट मागून पुढे ओढून पाहावे, आणि मोठा आघात सोसलेले हेल्मेट वरून अभंग दिसले तरी बाद करावे, कारण चेपलेला थर्मोकोल पुन्हा कामास येत नाही. कायदा मागे बसणारासही तोच हुकूम करतो. तेव्हा गाडीवर माणसे दोन आणि हेल्मेट एक, हा हिशेब कोणत्याच मानकात बसत नाही.