शेजाऱ्यास वाळींत टाकावें काय?

(आठवड्याच्या बाजारीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



वाळींत टाकणें म्हणजे काय, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. विहीर बंद, विस्तव बंद, वस्तरा बंद, सोयरीक बंद. ठरवितात पारावरचे पुढारी, आणि भोगतात घरांतलीं बायकापोरें. राष्ट्राराष्ट्रांतही हीच रीत आहे. तेथें पाराऐवजीं परिषद असते इतकेंच. आज आम्ही कोरियाची हकीकत सांगणार आहों. मुलूख दूरचा, पण भांडण ओळखीचें : एका बापाचे दोन लेक आणि मध्यें बांध.

हा बांध १९४५ सालीं परक्यांनीं घातला. उत्तरेंत रशियाचें सैन्य, दक्षिणेंत अमेरिकेचें. १९५० सालीं उत्तरेनें चढाई केली. १९५३ च्या जुलैंत लढाई थांबली. थांबली म्हणतों, मिटली नव्हे. कायमचा तह अजून झालेला नाहीं. मध्यें चार किलोमीटर रुंदीचा ओसाड पट्टा आहे व दोहों अंगांस तारा.

उत्तरेंत राज्य एकाच घराण्याचें : आजा, बाप, नातू. तेथें 'सोंगबुन' नांवाची वर्गवारी आहे. आजा जमीनदार होता कीं क्रांतीच्या बाजूचा होता, यावरून नातवाची शाळा, नोकरी व राजधानींतलें बिऱ्हाड ठरत आलें. समतेची जपमाळ ओढून जन्माची उतरंड रचणारे सर्व देशांत सांपडतात, एवढें बोलून आम्ही पुढें जातों. १९९५ च्या पुरानंतर तेथें जो दुष्काळ पडला त्यांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. दुष्काळांतही आधीं कोणाचें पान वाढलें जातें, तें आपणांस ठाऊक आहे.

अशा शेजाऱ्याशीं वागावें कसें? १९९८ सालीं दक्षिणेचे अध्यक्ष झालेले किम दे-जुंग म्हणाले, ऊब द्यावी. इसापनीतींतली वारा व सूर्य यांची गोष्ट त्यांनीं धोरणास लावली : वाऱ्यानें वाटसरू अंगरखा घट्ट धरतो, उन्हानें स्वतः काढतो. त्याच वर्षीं चुंग जु-युंग या बड्या कारखानदारानें एक काम केलें. हा मूळचा उत्तरेकडील गांवचा शेतकऱ्याचा पोर; तरुणपणीं बापानें गाय विकून आणलेले पैसे घेऊन घरांतून पळालेला. म्हातारपणीं त्यानें जून महिन्यांत पांचशें व ऑक्टोबरांत पांचशें एक गुरें मालमोटारींत भरून सीमेपलीकडे पोंचविलीं. एका गाईच्या देण्यापोटीं एक हजार एक! सावकारी व्याजाचा हिशेब करणाऱ्यांनीं हा हिशेबही एकदां पाहावा.

मग वाट थोडी मोकळी झाली. २००० सालीं दोन्हीं राज्यांचे प्रमुख भेटले. दक्षिणेंतून तांदूळ व खत जाऊं लागलें. यांत दक्षिणेच्या शेतकऱ्यांचाही स्वार्थ होता : कोठारांत तांदूळ साचला कीं भाव पडतो, म्हणून त्यांच्या संघटनाच तो उत्तरेस धाडा म्हणत. केसोंग येथें दक्षिणेचे कारखाने व उत्तरेचे मजूर असा मेळ बसला. २००४ च्या डिसेंबरांत पहिला माल निघाला, तो स्वयंपाकाच्या भांड्यांचा. पुढें सव्वाशेंच्या आसपास कारखाने व सुमारें ५४ हजार मजूर झाले, बहुतेक बाया. मात्र मजुरी त्यांच्या हातीं पडत नसे. ती डॉलरांत सरकारकडे जाई व मजुरास मागाहून कांहीं मिळे. चोको पाय नांवाचा गोड खाऊ मिळे, तो त्या बाजारांत विकीत.

वाळीवाल्यांचें म्हणणें फोल नव्हतें. २००३ सालच्या चौकशींत उघड झालें कीं २००० च्या भेटीपूर्वीं कोट्यवधि डॉलर गुपचूप उत्तरेस पोंचले होते. २००६ सालीं, गोडी चालूं असतांनाच, उत्तरेनें पहिला अणुस्फोट केला. २००८ सालीं कुमगांग पर्वतावर सहलीस गेलेल्या दक्षिणेच्या बाईस गोळी घातली. २०१० च्या मार्चांत दक्षिणेची युद्धनौका बुडून ४६ खलाशी मेले. मग खत बंद, व्यापार बंद; २०१६ सालीं केसोंगही बंद. मजुरीचा पैसा शस्त्रांकडे जातो असें तेव्हां सांगण्यांत आलें. २०१७ सालीं दक्षिणेच्याच सरकारी समितीनें त्यास पुरावा नव्हता असें म्हटलें.

बरें, वाळींत टाकून काय साधलें? २००९ पासून २०१७ पर्यंत आणखी पांच अणुस्फोट झाले. वाळींत टाकलेल्यास पलीकडच्या आळीचा एक दांडगा विस्तव देतोच; येथें तो चीन. २०२० सालीं बोलणीं करण्यासाठीं बांधलेली कचेरी उत्तरेनें सुरुंगानें उडविली. २०२४ सालीं उत्तरेनें कचऱ्याचे फुगे सोडले, दक्षिणेनें सीमेवर कर्णे लावले. ते २०२५ च्या जूनमध्यें थांबले. शहाण्या राज्यांचें हें वागणें पाहून आमच्या पाणवठ्यावरचीं भांडणें बरीं म्हणावयाचीं.

आमचें मत असें कीं राजा व रयत यांस एका खुंट्यास बांधूं नये. तोफेस लागेल तें सामान खुशाल अडवा. पण बी, खत, औषध, तांदूळ व पत्र अडवूं नका. 'तांदूळ शिपाईच खाईल' असा आक्षेप येतो. तो खरा असूं शकतो. म्हणून पोतीं कोणाच्या दारांत उतरतात तें पाहणारीं माणसें सोबत धाडण्याची अट घाला, आणि मजुरी मजुराच्या मुठींत पडेल अशी. अट मोडली तर पुन्हां बोला. त्यास वेळ लागेल, आणि अपमानही सोसावा लागेल.

ताटातूट झालेल्या कुटुंबांचें तर फारच वाईट. दक्षिणेंत १ लाख ३० हजारांहून अधिक माणसांनीं पलीकडच्या आप्तांस भेटण्यासाठीं नांवें नोंदविलीं. शेवटची भेट २०१८ च्या ऑगस्टांत झाली. ऐंशी नव्वद वर्षांचीं भावंडें कांहीं तास एका मेजाशीं बसलीं व मोटारींत बसून परत गेलीं. नोंदलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक आतां हयात नाहींत.